विद्यार्थ्यांच्या खिशातील मोबाईल : वर्गातील अडथळा की अभ्यासाचे साधन?

आजचे युग हे विज्ञानाचे आणि माहितीचे युग आहे, हे वाक्य आपण अनेक व्यासपीठांवरून ऐकतो. पण हे युग आपल्या मुलामुलींच्या वर्गात कोणत्या दाराने शिरले, याचा विचार फारसा होत नाही. ते संगणक कक्षाच्या दाराने आले नाही. अनेक शाळांमधील संगणक कक्षाला कुलूपच असते. यंत्रे नादुरुस्त असतात किंवा वीज नसते. ते आले विद्यार्थ्याच्या खिशातून, दप्तराच्या आतल्या कप्प्यातून. मोबाईल शाळेने विकत घेतला नाही, शासनाने वाटला नाही. तो आईबापांनी पोटाला चिमटा काढून, कधी हप्त्यावर, घरात आणला.

म्हणूनच या वस्तूचा प्रश्न वेगळा आहे. मुलाजवळ असलेला मोबाईल वर्गात अभ्यासासाठी वापरता येईल काय? येत असेल तर कोणत्या विषयासाठी, कोणत्या वर्गात आणि कोणत्या बंधनात? आणि ज्याच्याजवळ तो नाही त्या मुलाचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. पालक, शिक्षक आणि अभ्यासिका चालविणारे कार्यकर्ते या तिघांनाही त्यातून काही उपयोगी पडावे, एवढीच अपेक्षा.

मोबाईल घराघरांत कसा पोहोचला?

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला भारतातील पहिला मोबाईल संवाद झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात तो झाला. त्या काळी मोबाईल ही श्रीमंतांची चैन होती. फोन केला तर पैसे पडतच, पण आलेला फोन उचलला तरी पडत. सामान्य नोकरदाराच्या घरी साधा दूरध्वनी येण्यासाठीही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे दर उतरले. २०१६ नंतर तर इंटरनेट इतके स्वस्त झाले की स्मार्टफोन खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांत पोहोचला.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि जो मोबाईल कालपर्यंत 'पोरं बिघडवणारा' होता, तोच एका रात्रीत शाळा झाला. शिक्षक व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवू लागले. या काळातील परिस्थिती 'असर' या वार्षिक सर्वेक्षणाने नोंदवून ठेवली आहे. २०१८ साली ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या वर गेले. परंतु त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. घरात स्मार्टफोन असूनही साधारण चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासासाठी हातात मिळत नव्हता. बाप कामावर गेला की फोनही कामावर जात होता. घरात फोन असणे आणि मुलाला तो मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२४ च्या 'असर' अहवालात १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींची विचारपूस आहे. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. आणि स्वतःच्या मालकीचा फोन? तो मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडे. या आकड्यांचा अर्थ उघड आहे. साधन घरात आले आहे, वापरण्याचे कसबही आले आहे. पण अभ्यासाची सवय मागे पडली आहे आणि मुलगी तर आणखी मागे आहे. ही दरी मोबाईल आपोआप भरून काढणार नाही. ती शिक्षकाने आणि पालकाने भरावयाची आहे.

परितेवाडीच्या शाळेचा धडा

महाराष्ट्रातील एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला मुख्य मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत पडीक अवस्थेत होती. गावातील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड, आणि पुस्तके मात्र मराठीत. गुरुजी स्वतः कन्नड शिकले. त्यांनी पहिली ते चौथीची पुस्तके मुलांच्या भाषेच्या सोयीने तयार केली आणि पानापानांवर क्यूआर कोड छापले. त्या चौकोनी ठिपक्यांसमोर मोबाईलचा कॅमेरा धरला की कवितेची चाल ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे, गोष्ट सुरू होई. हा क्यूआर कोड मुळात १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला होता. कारखान्यातली वस्तू एका गुरुजींनी चौथीच्या पुस्तकात आणून बसविली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले आणि केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

यातला मुख्य मुद्दा असा की गुरुजींनी आधी मुलांची अडचण पाहिली आणि मग यंत्राकडे वळले. मुलांना पुस्तकाची भाषा कळत नाही, ही अडचण. घरातला मोबाईल, हा उपाय. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. आधी यंत्र घेतो आणि मग त्याला काम शोधतो. काम सापडले नाही की मुले आपले काम शोधतात, आणि ते काम खेळाचे किंवा रीळ पाहण्याचे असते.

बंदीच्या बाजूने जे म्हटले जाते

मोबाईलला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. ते नीट ऐकले पाहिजे.

२०१५ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत मोबाईलला बंदी केल्यानंतर परीक्षेतील गुण वाढल्याचे त्यांना आढळले. महत्त्वाची बाब अशी की हुशार मुलांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. सर्वात जास्त फायदा झाला तो अभ्यासात मागे असलेल्या मुलांचा. म्हणजे मोबाईलमुळे जे लक्ष विचलित होते, त्याची किंमत कच्च्या विद्यार्थ्याला जास्त मोजावी लागते. ज्याच्या घरी शिकवणी आहे, विचारायला मोठा भाऊ आहे, त्याचा बुडालेला तास घरी भरून निघतो. ज्याच्या घरी पहिलीच पिढी शिकते आहे, त्याचा बुडालेला तास बुडालेलाच राहतो. हे आपण विसरता कामा नये. पुढे २०२० साली स्वीडनमध्ये अशाच धर्तीवर अभ्यास झाला, तेव्हा मात्र बंदीचा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे प्रश्न निकालात निघालेला नाही. शाळा कशी आहे यावरही तो अवलंबून आहे.

फ्रान्सने २०१८ साली कायदा करून प्राथमिक आणि खालच्या माध्यमिक शाळांत मोबाईलला बंदी केली. नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांत मोबाईल बंद झाला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला. २०२३ च्या युनेस्को अहवालानेही बजावले की तंत्रज्ञान शिकण्याला हातभार लावत असेल तेवढेच वर्गात असावे.

मात्र या बंदीच्या नियमांचे एक कलम वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही. फ्रान्स, नेदरलँड्स आणि ब्राझील या तिन्ही ठिकाणी शिक्षणाच्या कामासाठी मोबाईल वापरण्याची सूट ठेवलेली आहे. ज्या पाठाला त्याची गरज आहे, त्या पाठापुरता तो बाहेर काढता येतो. तेव्हा मोबाईल असावा की नसावा, असा हा वादच नाही. तो केव्हा बाहेर काढायचा हे कोणी ठरवायचे, विद्यार्थ्याने की शिक्षकाने, हा खरा प्रश्न आहे. उत्तर स्पष्ट आहे : शिक्षकाने.

सरसकट बंदीचा भार कोणावर पडतो, याचेही एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. न्यूयॉर्क शहरात २००६ पासून शाळांत मोबाईल आणण्यास कडक बंदी होती. ज्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे बसविलेली होती, तेथे मुलांना मोबाईल लपवून नेता येत नसे, आणि अशा शाळा बहुधा गरीब वस्त्यांतल्या. मग शाळेबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. सकाळी तेथे मोबाईल ठेवायचा आणि सुटताना परत घ्यायचा. त्याचे भाडे दिवसाला एक डॉलर. यंत्रे नसलेल्या शाळांतली मुले मोबाईल खिशात ठेवून आत जात आणि गरीब वस्तीतली मुले रोज पैसे मोजत. ही बंदी २०१५ साली उठली. आता त्या राज्यात २०२५ पासून पुन्हा शाळेच्या वेळेत मोबाईलला बंदी आली आहे. नियम करताना तो सर्वांना सारखा लागू पडतो की नाही आणि मोबाईल सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी शाळा घेते की नाही, हे आधी पाहावे लागते.

आपली न्यायालये काय सांगतात?

आपल्या देशातही २००९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांत मोबाईलवर निर्बंध आणणारे परिपत्रक काढले होते. त्यानंतरच्या काळात दोन निर्णय महत्त्वाचे ठरले.

पहिला केरळ उच्च न्यायालयाचा, सप्टेंबर २०१९ चा. एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाईल वापरण्यास मनाई होती. अभ्यासाला मोबाईल लागतो, असे सांगून एका विद्यार्थिनीने हा नियम मानण्यास नकार दिला. तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती न्यायालयात गेली. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि तिला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश दिला. इतरांना त्रास होणार नाही, ही मर्यादा मात्र न्यायालयाने राखली. घरी, वस्तीत आणि वसतिगृहात मोबाईलवर पहिली बंदी मुलीवरच येते. त्या दृष्टीने हा निर्णय आपल्या प्रत्येक पालकाला माहीत असावयास हवा.

दुसरा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाचा, २०२५ सालचा. शाळकरी मुलांच्या मोबाईलवर संपूर्ण बंदी घालणे इष्टही नाही आणि शक्यही नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याचबरोबर मार्गदर्शक सूत्रेही दिली : सोय असेल तेथे शाळेत आल्यावर फोन जमा करावा; वर्गाची शिस्त मोडू नये; करमणुकीसाठी वापर नसावा; मुलांना जबाबदार वापराचे शिक्षण द्यावे; आणि पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांच्याशी विचारविनिमय करून शाळेने आपले धोरण आखावे. थोडक्यात, बंदी आणि मोकळीक यांच्या मधला मार्ग न्यायालयाने दाखविला आहे.

वर्गात प्रत्यक्ष काय करता येईल?

आता मुख्य विषयाकडे वळू. मोबाईल म्हणजे इंटरनेट, असा आपला समज झाला आहे. वास्तविक मोबाईलमध्ये घड्याळ, गणकयंत्र, कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि हालचाल मोजणारे संवेदक असतात. यांतल्या बहुतेक गोष्टींना डेटा लागत नाही, म्हणून पैसेही लागत नाहीत. पुढील पाठ अशाच साधनांवर आधारलेले आहेत. पाच विद्यार्थ्यांच्या गटाला एक मोबाईल पुरतो.

१) विज्ञान : लंबकाचा पाठ. दोऱ्याला एक जड नट किंवा दगड बांधावा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १०० सेंटिमीटर ठेवावी. लंबक थोडासाच बाजूला नेऊन सोडावा आणि मोबाईलच्या घड्याळावर २० आंदोलनांचा वेळ मोजावा. तो ४० सेकंदांच्या आसपास येतो. आता लांबी चौथाई, म्हणजे २५ सेंटिमीटर करावी. मुलांना आधी अंदाज विचारावा. बहुतेक जण म्हणतील की वेळही चौथाई होईल, १० सेकंद. मोजल्यावर येतात सुमारे २० सेकंद. लांबी चौथाई झाली तर वेळ निम्मा होतो, हा वर्गमुळाचा नियम मुलांनी स्वतः शोधलेला असतो. मग दगड बदलून पाहावा; वजन वाढवूनही वेळ तोच राहतो. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट उघडतच नाही, तेथे एका मोबाईलवर हा पाठ पुरा होतो.

२) विज्ञान : ध्वनीचा वेग. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचे मोफत अॅप तयार केले आहे. एकदा उतरवून घेतले की त्यातील बहुतेक प्रयोग इंटरनेटशिवाय चालतात. त्यात आवाजावर सुरू आणि बंद होणारे घड्याळ आहे. दोन मोबाईल बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवावेत. पहिल्या मोबाईलशेजारी उभ्या मुलीने टाळी वाजवावी. दोन्ही घड्याळे सुरू होतात. मग दुसऱ्या मोबाईलशेजारच्या मुलाने टाळी वाजवावी. दोन्ही बंद होतात. दोन्ही घड्याळांतील वेळांत साधारण ०.०३ सेकंदाचा फरक दिसतो. आवाजाला जाऊन-येऊन १० मीटर कापायला लागलेला तो वेळ होय. १० ला त्या फरकाने भागले की ध्वनीचा वेग मिळतो, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. पुस्तकातला आकडा मुलांच्या टाळीतून बाहेर येतो.

३) गणित : व्याजाचा पाठ. १०,००० रुपये द.सा.द.शे. ७ दराने ५ वर्षे ठेवले तर सरळव्याज ३,५०० रुपये. दरवर्षी चक्रवाढ धरली तर सुमारे ४,०२५ रुपये. फरक थोडा वाटतो. मग मुलांना २० वर्षांचा हिशेब करायला सांगावा. वहीत तो करायला तास संपेल. मोबाईलच्या गणकयंत्रावर १.०७ ने वीस वेळा गुणले की झाले. सरळव्याजाने रक्कम २४,००० होते आणि चक्रवाढीने सुमारे ३८,६९७. आता हेच गणित कर्जाच्या बाजूने मांडावे. सावकाराचा महिन्याला ५ टक्के दर ऐकायला लहान वाटतो, पण थकलेले व्याज मुद्दलात मिळवत गेल्यास वर्षाला तो जवळजवळ ८० टक्क्यांवर जातो. १.०५ ने बारा वेळा गुणून मुलांनी हे स्वतः पाहावे. घरी आईच्या बचत गटाचे पुस्तक वाचण्याची दृष्टी त्यांना येथून मिळेल. येथे गणकयंत्राने मुलाची बुद्धी आळशी केली नाही. गुणाकारात जाणारा वेळ वाचवून विचाराला मोकळा केला.

४) भाषा : ध्वनिमुद्रणाचा पाठ. विद्यार्थ्याने पुस्तकातील एक उतारा मोठ्याने वाचावा, मुद्रित करावा आणि स्वतःच ऐकावा. कोठे अडखळलो, कोठे श्वास चुकला, 'न' आणि 'ण' यांत गफलत झाली काय, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. चार मुलांसमोर चूक दाखविली तर मूल मिटून जाते. स्वतःच्या कानाने ऐकले तर सुधारते. दुसरे काम : घरातील आजी-आजोबांकडून जात्यावरची ओवी, गावातील जुन्या विहिरीची हकीकत किंवा त्यांच्या स्थलांतराची कहाणी त्यांच्या परवानगीने मुद्रित करून आणावी आणि वर्गात ती ऐकून लिहून काढावी. लेखनाचा सराव होतो, आणि शाळेत न गेलेली आजी वर्गाची शिक्षिका होते.

५) भूगोल आणि नागरिकशास्त्र. नकाशावर आपली वस्ती शोधून शाळा, दवाखाना, रेशन दुकान आणि पाण्याचा नळ यांतील अंतरे काढावीत. पाण्याच्या नळावर किती वेळ रांग लागते, कचरा कोठे साचतो, याची छायाचित्रे तारखेसह काढून टिपण तयार करावे. असे टिपण ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड कार्यालयाला अर्जासोबत जोडताही येते. नागरिकशास्त्राचे पुस्तक तेव्हा केवळ परीक्षेसाठी राहत नाही.

या प्रत्येक पाठात एक समान गोष्ट आहे. मोबाईल मोजतो, नोंदवतो, साठवतो. पण प्रश्न शिक्षक विचारतो आणि उत्तर विद्यार्थी वहीत लिहितो. ज्या पाठाच्या शेवटी वहीत काहीच उतरले नाही, तो पाठ करमणूक होती, असे समजावे.

ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याचे काय?

'उद्या सर्वांनी मोबाईल आणा' असे एक वाक्य शिक्षक सहज बोलून जातो. त्या वाक्याने एखाद्या घरात रात्री किती ताण पडतो, याची कल्पना वर्गात बसून येत नाही. मूल हट्ट करते, बाप उसनवारी करतो किंवा मूल दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे निमित्त सांगून घरी राहते. मोबाईल हे गणवेशासारखे सक्तीचे साहित्य होता कामा नये. गणवेश सर्वांना सारखा दिसावा म्हणून आला. मोबाईल वर्गात आला तर कोणाचा महाग आणि कोणाचा फुटलेल्या काचेचा, हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत दिसते.

यावर उपाय आहे. मोबाईल व्यक्तीचा न मानता गटाचा मानावा. पाच जणांत एक मोबाईल, आणि काम वाटून दिलेले : एक मोजणारा, एक नोंद करणारा, एक प्रयोग सांभाळणारा, एक हिशेब करणारा आणि एक वर्गासमोर मांडणारा. दर पाठाला कामे बदलावीत आणि मुलींच्या हाती मोबाईल आलाच पाहिजे, असा नियम असावा. नाहीतर मुली कायम नोंद करणाऱ्याच राहतात. शिक्षकाचा स्वतःचा फोन आणि शाळेने जमविलेले दोन-तीन जुने फोन यांवर एका वर्गाचे काम भागते. कल्याणकारी मंडळे वह्यापुस्तके वाटतात, ते चांगलेच आहे. त्यांच्या अभ्यासिकेत चालू स्थितीतील चार जुने मोबाईल ठेवले तर त्यांचा उपयोग वर्षानुवर्षे होईल.

स्मार्टफोन नसला तरी मार्ग बंद होत नाही. २०२० साली शाळा बंद असताना आफ्रिकेतील बोत्सवाना या देशात सुमारे ४,५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना साध्या मोबाईलवर दर आठवड्याला गणिताचे संदेश पाठविले. काही घरांना संदेशांसोबत शिक्षकाचा सुमारे वीस मिनिटांचा फोनही येत असे. ज्यांना फोन आले त्या मुलांचे गणित सुधारले. ज्यांना नुसते संदेश मिळाले त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. यंत्र तेच, गणिते तीच. फरक शिक्षकाच्या आवाजाचा होता. वर्गाच्या गटावर रोज चाळीस चित्रफिती ढकलणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रयोग विचार करायला लावणारा आहे. कच्च्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा दहा मिनिटे फोन करणे हे त्याहून मोठे काम आहे.

सावधगिरी

मुलाच्या हाती जो मोबाईल असतो, तो बहुधा घराचाच असतो. त्यात आईबापांचे बँक खाते, यूपीआय आणि ओटीपीचे संदेश असतात. म्हणून यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये, कोणताही ओटीपी कोणालाही वाचून दाखवू नये, हे शाळेनेच शिकवावे. अनोळखी दुव्यावर बोट लावू नये. फसवणूक झालीच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी; जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. लहान मुलांवर काही संकट असेल तर १०९८ हा मदत क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

दुसरी सावधगिरी छायाचित्रांची. वर्गात कोणाचेही छायाचित्र परवानगीशिवाय काढावयाचे नाही आणि काढलेले बाहेर पाठवावयाचे नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत एका छायाचित्राने शाळा सुटते, हे आपण जाणतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शिकवणीच्या अॅपवर मुलाचे नाव, जन्मतारीख, फोन क्रमांक भरताना पालकांनी दोनदा विचार करावा.

शाळांनी व अभ्यासिकांनी पाळावयाचे नियम

१) मोबाईल दारात जमा व्हावा, प्रत्येक फोनची वहीत नोंद आणि कपाटाला कुलूप असावे. हरवल्यास जबाबदारी कोणाची, हे पालकांना आधीच सांगावे.

२) ज्या पाठाला गरज आहे त्याच पाठाला, शिक्षकाने सांगितल्यावरच फोन बाहेर यावा आणि काम संपताच परत जावा.

३) एका पाठात मोबाईल पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ चालू नसावा. उरलेला वेळ चर्चा आणि लेखन.

४) 'मोबाईल आणा' अशी सक्ती कोणावरही नसावी, काम गटात व्हावे.

५) डेटा लागणारे काम शाळेच्या किंवा अभ्यासिकेच्या जोडणीवर व्हावे, त्याचा खर्च विद्यार्थ्यावर पडू नये.

६) चौथीपर्यंतच्या मुलांच्या हाती वर्गात फोन देऊ नये, शिक्षकाने स्वतःच्या फोनवरून ऐकवावे, दाखवावे.

७) नियम पालक सभेत वाचून दाखवावेत आणि वर्षातून एकदा फेरविचार करावा.

समारोप

ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या पुस्तक हातात धरू दिले नाही, त्याच्या मुलांच्या हाती आज ग्रंथालय मावेल एवढे यंत्र आले आहे. ते यंत्र विकणारे व्यापारी मुलांचा वेळ विकत घ्यायला बसले आहेत. प्रत्येक रीळ, प्रत्येक खेळ त्यासाठीच तयार केलेला आहे. त्या बाजारात आपले मूल एकटे सोडायचे की त्याच्या शेजारी बसायचे, हे आपल्या हाती आहे. मोबाईल काढून घेतल्याने मूल अभ्यासाला बसेल, हा भ्रम आहे. आणि मोबाईल दिल्याने मूल हुशार होईल, हा त्याहून मोठा भ्रम आहे. मूल शिकते ते चांगला प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकामुळे आणि रोज संध्याकाळी 'आज काय शिकलास?' असे विचारणाऱ्या आईबापांमुळे.

तेव्हा पालक बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. एक दोरा आणि एक दगड घ्या, लंबक टांगा, आणि घड्याळ त्याला लावायला सांगा. वीस आंदोलने दोघांनी मिळून मोजा.